घराभोवती साचणारं पावसाचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिले दोन मोठे पाऊस झाले की हे प्रश्न यायला लागतात. शब्द वेगळे असले तरी प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून ते एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत आणि जिथे गरज आहे तिथे त्या क्रमांकाकडे बोट दाखवलं आहे.

१. अंगणात पाणी साचतं. सुरुवात कुठून करू? कुठला पाईप आणू?

पाईप नंतर. आधी छत्री घ्या आणि भर पावसात घराभोवती दोन चकरा मारा. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी उन्हात डबकं बघतात आणि तिथेच खणायला लागतात. डबकं म्हणजे पाणी शेवटी कुठे थांबलं ती जागा. ते आलं कुठून हे फक्त पावसातच दिसतं. कुठल्या कोपऱ्यात पन्हळ ओसंडतेय, फाटकाखालून पाणी आत येतंय की बाहेर जातंय, भिंतीलगत गढूळ पाण्याची धार कुठल्या दिशेने पळतेय, हे बघा. पाणी गढूळ असेल तर ते माती ओढून आणतंय. स्वच्छ असेल तर बहुधा छपरावरून किंवा फरशीवरून येतंय.

पाऊस थांबला की डबक्याच्या कडेने चार-पाच खुंट्या ठोका आणि एक फोटो काढा. तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. एवढ्यावरून पाण्याचा उगम साधारण कळतो. तो तीनांपैकी एक असतो: छप्पर, आजूबाजूची उंच जमीन किंवा खालून वर येणारं भूजल. तिघांचे उपाय वेगळे आहेत. छपराचं पाणी चर खणून अडवायला गेलात तर पैसे आणि पाठ दोन्ही जातील.

२. पाणी किती वेळ साचलं तर काळजी करायची?

जागेवर अवलंबून आहे. घरापासून लांब, हिरवळीवर चोवीस तास पाणी राहिलं तर सोडून द्या. दोन दिवसांनंतरही असेल तर काहीतरी करायला हवं: गवताची मुळं गुदमरतात आणि डासांचं फावतं. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, पण रोज पाऊस पडत असेल तर डबकं मध्ये कधी आटलं हे कोणी मोजत नाही.

भिंतीला टेकून साचणारं पाणी मात्र तासभरही चालवून घेऊ नका. ते वरून नाहीसं झालं तरी पायाच्या दिशेने मुरलेलं असतं.

३. छपरावरून असं कितीसं पाणी येणार?

हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर, म्हणजे पाच टन पाणी. छप्पर उतरतं असेल तर पत्र्याची लांबी धरू नका. वरून पाहिल्यावर छप्पर जेवढी जमीन झाकतं तेवढं क्षेत्रफळ धरा.

आता हे सगळं पाणी दोन उभ्या पाईपांतून खाली येत असेल, तर प्रत्येक कोपऱ्यात अडीच हजार लिटर ओतलं जातं. म्हणूनच ज्या घरांना ओलीचा त्रास आहे तिथे मी आधी वर बघतो, जमिनीकडे नंतर.

४. पन्हळ बसवलेली आहे, तरी भिंतीच्या कडेला माती उखणली जाते. का?

भिंतीपासून हात-दीड हातावर बारीक खळग्यांची एक सरळ रांग दिसते का बघा. तिथली माती धुऊन नुसते खडे उघडे पडलेले असतात आणि भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे असतात. अशी रांग असेल तर पन्हळ काठावरून ओसंडते आहे. कारणं ठरलेली असतात: पानं आणि कौलांचा चुरा अडकलाय, पट्ट्या सैल होऊन पन्हळ मध्येच झोळ खातेय, नाहीतर उभ्या पाईपाचं तोंड लहान आहे. पन्हळीला दर ३ मीटरला ६ ते १० मिलिमीटर उतार पुरतो. कोरड्या दिवशी पाईपापासून लांबच्या टोकाला बादलीभर पाणी ओता. मध्ये कुठे थबकलं तर तिथली पट्टी वर घ्या.

रांग नसून एकाच कोपऱ्यात मोठा खड्डा असेल तर उभा पाईप भिंतीच्या पायाशीच संपतोय. हा दोष मी सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. पाईपाला खाली कोपर जोडून पाणी भिंतीपासून किमान २ मीटर लांब न्या, आणि जिथे पडेल तिथे सपाट दगड ठेवा म्हणजे माती उकरली जाणार नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हे केल्याशिवाय पुढचे प्रश्न वाचूच नका असं सांगावंसं वाटतं.

एक लपलेला प्रकारही आहे. पत्र्याची किंवा कौलाची कड पन्हळीत पुरेशी आत आलेली नसेल तर पाणी पन्हळीच्या मागून, भिंतीला चिकटून उतरतं. खालून बघणाऱ्याला पन्हळ व्यवस्थित वाटते आणि भिंत मात्र ओली.

५. आमच्या घराला पन्हळच नाही, पागोळ्या थेट खाली पडतात. पन्हळ लावायलाच हवी का?

हवीच असं नाही. वळचण रुंद असेल आणि जमीन घरापासून बाहेर उतरत असेल तर पागोळ्यांची रेघ जिथे पडते तिथे ३०-४५ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा खणून त्यात जाड खडी किंवा गोटे भरा. पट्ट्याचा तळ मात्र बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, नाहीतर भिंतीलगत पाण्याची पन्हळ जमिनीत पुरल्यासारखं होईल. वळचण हातभरापेक्षा कमी असेल तर पन्हळ लावा.

६. घराभोवती उतार किती हवा आणि तो मोजायचा कसा?

मातीच्या जमिनीला भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटीमीटर, म्हणजे शेकडा ५. फरशी, कोबा किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर मीटरला २ सेंटीमीटर पुरतात.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी हे सगळ्यात स्वस्त आणि अचूक साधन आहे. एक टोक भिंतीपाशी, दुसरं ३ मीटरवर काठीला बांधून धरा. दोन्हीकडची पाण्याची पातळी तीच असते, त्यामुळे तिथून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं की फरक म्हणजेच उतार. नळीत बुडबुडे राहिले तर माप चुकतं, तेवढं सांभाळा.

उतार उलटा असेल तर भिंतीलगत भर घाला, पण वाळूची नको. वाळूतून पाणी सरळ खाली उतरून पायाशी जाईल. थोडा चिकणपणा असलेली माती १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी धुमसाने ठोकून बसवा. भर जोत्याच्या वर चढू देऊ नका. ओल अडवणारा थर जिथे असेल त्याच्या खाली किमान १५ सेंटीमीटर भिंत उघडी राहिली पाहिजे. भर घालता घालता जोतं गाडून टाकलेली घरं मी पाहिली आहेत. बाहेर पाणी साचायचं थांबलं आणि आत भिंती ओल्या व्हायला लागल्या.

आणखी एक: नवीन घराभोवतीची भर पहिली दोन-तीन वर्षं बसत राहते. सुरुवातीला दिलेला उतार तेव्हा नाहीसा होतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर नळी पुन्हा लावा.

७. खोलगट जागा मातीने भरून टाकली तर?

ती जागा कोरडी होईल आणि डबकं दुसरीकडे जाईल. अंगणाच्या मधला उथळ खळगा असेल आणि त्याच्या पलीकडे उतार चालू असेल, तरच भर घालण्यात अर्थ आहे.

८. आमच्या जमिनीत पाणी मुरतं की नाही, हे घरीच कसं तपासू?

३० सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि ते पूर्ण जिरू द्या. कोरडी माती सुरुवातीला आधाशासारखं पाणी पिते, तो आकडा खरा नसतो. मग पुन्हा भरा, एक पट्टी उभी रोवा आणि तासाभरात पाणी किती उतरलं ते बघा. २.५ सेंटीमीटर किंवा जास्त उतरलं तर मुरवण्याचे उपाय चालतील. १ सेंटीमीटरही उतरलं नाही तर शोषखड्ड्याचा नाद सोडा आणि पाणी वाहून नेण्याचा विचार करा.

चाचणी जिथे खड्डा करायचा आहे तिथेच घ्या. दहा पावलांवर माती वेगळी असू शकते. शक्य असेल तर ऐन पावसाळ्यातही एकदा घ्या. भूजल वर आलं असेल तर खड्डा भरण्याआधीच त्यात पाणी दिसेल आणि प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

९. शोषखड्डा केवढा करावा आणि कुठे?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बराच मोठा. १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा दगडांनी भरला तर पाण्याला जागा उरते ती दगडांमधल्या फटींची, साधारण शेकडा ४०. म्हणजे ४०० लिटर. प्रश्न ३ मधला हिशोब लावला तर ५० चौरस मीटर छपराचं हे फक्त ८ मिलिमीटर पावसाचं पाणी झालं. त्यापुढचं पाणी जेवढं मुरेल तेवढं मुरेल, बाकीचं वर येईल. म्हणून खड्डा कितीही मोठा असला तरी त्याला सांडवा हवाच: वरचं पाणी घराकडे न येता बाहेर जाईल अशी वाट.

घरापासून ५ मीटर लांब करा. विहीर, सेप्टिक टँकचं शोषक्षेत्र (टँकमधलं पाणी जमिनीत मुरतं ती जागा), तीव्र उतार आणि भरावाची संरक्षक भिंत यांच्याजवळ नको. खड्ड्याच्या आधी छोटं चेंबर बांधा आणि त्यातून जाणारा पाईप तळापासून हातभर वर ठेवा, म्हणजे गाळ चेंबरात बसेल. चेंबर साफ करायला घमेलं आणि अर्धा तास लागतो. शोषखड्डा साफ करायचा म्हणजे सगळे दगड बाहेर काढायचे.

१०. फ्रेंच ड्रेन म्हणजे काय? सगळे तेच करायला सांगतात.

खडीने भरलेला चर आणि त्याच्या तळाशी भोकांचा पाईप. फ्रान्सशी याचा संबंध नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेन्री फ्रेंच नावाच्या गृहस्थांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्यावरून हे नाव पडलं. मूळ ठिकाण शेत आहे हे लक्षात ठेवलं तर त्याचा उपयोगही कळतो: जमिनीच्या पोटातलं पाणी गोळा करून बाजूला नेणं. वरून वाहत येणाऱ्या पाण्याला गवत लावलेली पसरट, उथळ नाली जास्त चांगली. ती तुंबली तर दिसते आणि खोऱ्याने साफ होते.

करायचाच असेल तर चर ३० सेंटीमीटर रुंद आणि ४५ ते ६० सेंटीमीटर खोल घ्या. तळाशी थोडी धुतलेली खडी, तिच्यावर ४ इंची पाईप, वर पुन्हा खडी. भोकं खालच्या बाजूला ठेवा. हे ऐकून सगळे दचकतात, पण चरात पाणी तळापासून वर चढतं. भोकं खाली असली की ते लगेच पाईपात शिरतं. वर ठेवली तर पाईपाएवढी उंची भरेपर्यंत ते चरातच बसून राहतं.

उतार मीटरला १ सेंटीमीटर. हा सल्ला मी स्वतः न पाळल्याचं फळ भोगलं आहे. घरामागे पहिला चर खणला तेव्हा लांबी १४ मीटर होती आणि मी उतार नजरेने धरला. शेजारचं गवत त्या बाजूला खाली जाताना दिसत होतं, म्हणून चरही जातोय असं वाटलं. खडी भरली, माती लोटली, वर हिरवळही लावली. मग वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतलं आणि खालच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. थेंब नाही. शेवटचे चार मीटर उलटे चढले होते. पुन्हा सगळं उकरताना चिखलाने लडबडलेली खडी वेगळी करायला दोन दिवस गेले. पाईप टाकल्यावर आणि खडी टाकायच्या आधी पाणी ओतून बघा.

आणि पन्हळीचा पाईप या भोकांच्या पाईपाला जोडू नका. ज्या जमिनीतलं पाणी काढायचं तिथेच छपराचं पाणी सोडल्यासारखं होतं. त्यासाठी बिनभोकाचा वेगळा पाईप हवा.

११. फ्रेंच ड्रेनमध्ये जाळीचं कापड पाईपाला गुंडाळायचं की खडीला?

खडीला. चराच्या तळाला आणि बाजूंना न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कापड) अंथरा, खडी भरा आणि वरून कापडाची घडी घाला. पाईपाभोवतीचं कापड लहान असतं, त्यामुळे बारीक मातीने लवकर लिंपलं जातं. चराएवढ्या मोठ्या कापडाला लिंपायला कितीतरी जास्त काळ लागतो. प्लास्टिकचा कागद मात्र कधीही नको, त्यातून पाणी चरात येणारच नाही.

१२. चिकण मातीत वाळू मिसळली की निचरा सुधारतो ना?

नाही. थोडी वाळू आणि पुष्कळ चिकण माती एकत्र झाली की वाळूचे कण मातीत रुतून बसतात आणि वाळल्यावर वीट तयार होते. फरक पडण्याइतकी वाळू घालायची तर निम्म्याहून जास्त माती बदलावी लागेल. त्याऐवजी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दरवर्षी मिसळा आणि ओल्या मातीवर चालणं, गाडी नेणं बंद करा. कित्येकदा माती वाईट नसते, बांधकामाच्या वेळच्या ट्रकांनी ती दाबली गेलेली असते. वरचा थर पहारीने किंवा काट्याने सैल केला तरी पाणी उतरायला लागतं.

१३. सगळ्या अंगणाला फरशी घातली तर कटकट मिटेल?

चिखलाची मिटेल, पाण्याची वाढेल. मातीत काही पाणी मुरतं, फरशीवरचं जवळजवळ सगळं वाहून जातं. ते जाणार कुठे, याचं उत्तर फरशी घालायच्या आधी कागदावर असू द्या. उतार घराकडून बाहेर, फाटकापाशी आडवी जाळीची नाली आणि तिला पुढे जायला जागा. ही जागा म्हणजे शेजाऱ्याचं अंगण नव्हे (प्रश्न १८).

पाणी मुरवणारे पेव्हर ब्लॉक चांगले असतात, पण त्यांच्याखाली खडीचे थर हवेत. नेहमीसारखी दाबलेली माती आणि सिमेंट खाली असेल तर ब्लॉक नावापुरते. सांध्यांत गाळ भरला की तेही मुरवणं थांबवतात, म्हणून वर्षातून एकदा सांधे साफ करून त्यात बारीक खडी भरावी लागते.

१४. घरातल्या भिंतीला ओल येते, पोपडे निघतात. बाहेरच्या पाण्यामुळेच ना?

बहुधा, पण ओल कुठे आणि कशी आहे ते बघा. जमिनीपासून वर, साधारण मीटरभरापर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा लोणा (क्षारांची पूड) असेल तर जमिनीतलं पाणी भिंत शोषून घेतेय. मध्येच उंचावर डाग असेल तर पाईप, खिडकी किंवा गच्ची तपासा. कोपऱ्यात, कपाटामागे काळपट बुरशी असेल आणि लोणा नसेल, तर घरातलीच वाफ थंड भिंतीवर बसत असण्याची शक्यता जास्त.

शंका असेल तर हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली ओल. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतंय.

आतून वॉटरप्रूफ रंग लावण्याची घाई करू नका. पाणी मागून ढकलत असतं, रंगाला फोड येतात आणि ओल आणखी वर चढते. आधी बाहेरचं काम (प्रश्न ४ आणि ६), मग भिंत एक कोरडा हंगाम वाळू द्या, मग लोणा घासून काढा आणि गिलावा-रंग करा.

१५. तळघरात पाणी येतं. पंप बसवू का?

बाहेरचं सगळं करूनही येत असेल तरच. जमिनीत खड्डा करून त्यात तरंगत्या स्विचचा पंप बसवतात. पाणी चढलं की तो आपोआप चालू होतो. तीन गोष्टी राहून जातात. पाणी परत खाली येऊ नये म्हणून एकदिशा झडप. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, कारण मोठा पाऊस आणि वीज जाणं बहुधा एकाच वेळी होतं. आणि पाण्याचं बाहेरचं तोंड. ते भिंतीपाशीच सोडलं तर पंप तेच पाणी रात्रभर उपसत बसतो. तळघरात पाणी असताना विजेची बटणं, प्लग यांना हात लावू नका. वीज बाहेरून बंद करता येत असेल तरच आत उतरा.

१६. पाऊस थांबून दोन आठवडे झाले, तरी एकच जागा ओली आहे.

मग ते पावसाचं पाणी नसेल. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर तासभर बघा. काटा हलला तर जमिनीखालचा पाईप गळतोय. पाण्याला वास असेल आणि तिथलंच गवत जोमाने वाढत असेल तर सांडपाण्याची लाईन किंवा सेप्टिक टँक तपासा. दोन्ही ठीक असतील आणि तुमची जागा चढाच्या पायथ्याशी असेल, तर उपळ फुटले असतील: वर मुरलेलं पाणी खडकावरून सरकत इथे बाहेर येतं. हे बऱ्याचदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतं आणि पाऊस थांबल्यावरही चालू राहतं. फ्रेंच ड्रेनचं (प्रश्न १०) खरं काम इथे आहे. चर ओल्या जागेत नको, तिच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा घ्या.

१७. पन्हळीखाली पिंप ठेवलं तर प्रश्न सुटेल?

बागेला पाणी मिळेल, प्रश्न सुटणार नाही. २०० लिटरचं पिंप १०० चौरस मीटर छपराखाली २ मिलिमीटर पावसात भरतं. त्यानंतर ते काठावरून वाहतं, तेही नेमकं भिंतीपाशी. ओव्हरफ्लोला पाईप लावून पाणी लांब न्या, झाकण किंवा बारीक जाळी घट्ट बसवा आणि भरलेल्या पिंपाचं वजन २०० किलोच्या पुढे जातं हे ध्यानात धरून खाली पक्का ओटा करा.

१८. शेजाऱ्यांचं पाणी आमच्याकडे येतं. आम्ही बांध घालून अडवू शकतो का?

कायदे जागोजागी वेगळे आहेत, पण त्यांच्यात एक फरक बहुतेक ठिकाणी केला जातो. उंच जागेवरून नैसर्गिक उताराने आलेलं पाणी खालच्याने सोसायचं असतं. पाईप, फरशी किंवा भर घालून वळवलेलं, वाढवलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. म्हणून तक्रारीआधी ते आधीपासून येत होतं की त्यांच्या नव्या बांधकामानंतर, हे बघा आणि पावसातले फोटो तारखेसकट ठेवा.

शक्य असेल तर त्यांनाच पावसात बोलावून दाखवा. पुष्कळ वेळा त्यांना ठाऊकच नसतं, आणि एक कोपर फिरवून काम होतं. बांध घालून सरळ अडवलंत तर पाणी त्यांच्या भिंतीला लागेल आणि दोष तुमच्यावर येईल. त्यापेक्षा हद्दीच्या आत, कडेने उथळ नाली काढून पाणी तुमच्या घराला वळसा घालून जाऊ द्या. तुम्ही स्वतः खालच्या बाजूला पाणी सोडत असाल तर हेच सगळं उलट लागू आहे.

१९. भराव धरणारी कुंपणाची भिंत फुगली आहे. तीही पाण्यामुळेच?

बहुतेक वेळा हो. नुसत्या मातीपेक्षा पाण्याने भरलेल्या मातीचा रेटा फार मोठा असतो. भिंतीला पाणी बाहेर पडायची भोकं आहेत का, आणि असली तर त्यांतून पावसात पाणी येतं का, ते बघा. कोरडी ठणठणीत भोकं म्हणजे मागे माती लिंपली आहे. नवी भिंत बांधताना मागे हातभर खडीचा थर द्यावा. पण फुगलेल्या भिंतीला भोकं पाडत बसू नका. तिच्यापासून मुलांना, गाड्यांना लांब ठेवा आणि अभियंत्याला दाखवा.

२०. छपराचा पाईप सांडपाण्याच्या लाईनला जोडून दिला तर?

नको. बऱ्याच ठिकाणी त्याला बंदीच आहे, आणि ती सबब नसती तरी नको. मोठ्या पावसात लाईन भरली की ते सगळं घाण पाणी तुमच्याच खालच्या मजल्याच्या मोरीतून, संडासातून वर येतं. सेप्टिक टँकला जोडणं त्याहून वाईट: टँकमधला गाळ ढवळून शोषक्षेत्रात जातो आणि ते कायमचं बुजतं.

२१. झाडं लावली तर पाणी ओढून घेतील का?

दोन-तीन झाडं पावसाळ्यातलं डबकं आटवू शकत नाहीत. ढगाळ हवेत झाडंही कमीच पाणी ओढतात. पावसाची बाग हा प्रकार मात्र उपयोगी आहे: घरापासून लांब, १५-२० सेंटीमीटर खोल पसरट खळगा, त्यात ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी झाडं, आणि एका बाजूला सांडवा. प्रश्न ८ ची चाचणी पास झाली तरच.

अपवाद काळ्या मातीचा. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिथे मोठं झाड भिंतीजवळ असेल तर उन्हाळ्यात एका बाजूचं पाणी ओढून पायाखालची माती आकसवतं आणि भिंतीला तडे जातात. अशा जमिनीत घराच्या चारही बाजूंची ओल शक्यतो सारखी ठेवावी. एका कोपऱ्यात पाईप सोडणं आणि दुसऱ्या कोपऱ्यात वड-पिंपळ वाढवणं, दोन्ही टाळा.

२२. एरवी सगळं ठीक असतं, पण ढगफुटीसारख्या पावसात घरात पाणी शिरतंच. काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. पाईप, चर, शोषखड्डा यांना मर्यादा असतात, आणि प्रत्येक वर्षी त्या ओलांडणारा एखादा दिवस येऊ शकतो. त्या दिवसासाठी पाईपावर विसंबू नका, जमिनीवरून जाणारी मोकळी वाट ठेवा. सगळं तुंबलं असं धरून चाला आणि पाणी कुठून जाईल ते बघा. ते उत्तर 'दारातून' असं येत असेल तर फाटकाजवळचा उंचवटा कापा, कुंपणाच्या भिंतीला तळाशी मोऱ्या ठेवा, उंबऱ्याची बाहेरची पायरी चढवून घ्या.

रस्ताच घरापेक्षा उंच झाला असेल तर अंगणातला कुठलाही उपाय पुरणार नाही. तिथे पाईपातून उलटं आत येणारं पाणी अडवणारी झडप, दारासमोर बसवायच्या फळ्या आणि वीजमीटर वर घेणं एवढंच हातात असतं.

२३. हे सगळं स्वतः करावं की कोणाला बोलवावं?

पन्हळ, पाईपाचं कोपर, उतार, उथळ नाली ही घरची कामं आहेत. खणण्याआधी वीज, पाणी, गॅस यांच्या लाईनी कुठून गेल्या आहेत ते विचारून घ्या. पायाजवळ खणायचं असेल तर साधा आडाखा असा: चर पायाच्या तळापेक्षा जेवढा खोल जाणार, निदान तेवढा तो पायापासून लांब हवा. शंका आली की थांबा. आणि छातीएवढ्या खोल चरात आधार न लावता उतरू नका. ओल्या मातीची कड सूचना न देता कोसळते, आणि एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे असतं.

भिंतीला वाढत जाणारे तिरके तडे, खचलेली फरशी, दारं अचानक घासायला लागणं, यांपैकी काही दिसत असेल तर निचऱ्याचं काम बाजूला ठेवून आधी बांधकाम अभियंत्याला बोलवा. तो येईपर्यंत उभ्या पाईपाचं पाणी मात्र आजच लांब सोडा, त्यासाठी कोणाची वाट बघायची गरज नाही.